सरकारी मदत कोणाच्या घरी जाते?

(शेतकरी व बलुतेदार मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आज आम्हांस सरकारी मदतीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. मदत हा शब्द निघाला की आपल्या सभांतून दोन तऱ्हेची भाषणे होतात. एक, सरकार काहीच देत नाही म्हणून बोटे मोडण्याचे. दुसरे, सरकारने अमुक इतके कोटी दिले म्हणून टाळ्या पिटण्याचे. आम्ही ह्या दोहोंपैकी एकही करणार नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते एवढेच की, दिलेला पैसा गावाच्या वेशीत शिरल्यावर कोणाच्या घरी जातो? हा प्रश्न आपल्याच गावाबद्दल एकदम विचारला तर निम्मी सभा उठून जाईल. म्हणून आधी दूरच्या मुलखाची गोष्ट सांगतो आणि मग हळूच आपल्या वेशीत येतो.

मुलूख अमेरिकेचा. तो आपल्याला अगदीच परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेतील ज्या लोकांनी काळ्या गुलामांस दास्यातून सोडविले त्यांच्या नावे अर्पण केली होती, हे येथील पुष्कळांस ठाऊक आहे. दुसरा धागा कापसाचा. तिकडे गुलामगिरीवरून १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा विलायतेतील गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध मिटले, भाव उतरला, आणि त्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज तेवढे शेतकऱ्याच्या घरी राहिले. तेव्हा तिकडचा कापूस आणि इकडचे कर्ज ह्यांची ओळख जुनी आहे.

पण एक गोष्ट आपण कधी विचारली नाही. ते सुटलेले गुलाम पुढे खाऊ लागले काय? त्यांस जमीन मिळाली काय?

जमीन मिळाली नाही. शेरमन नावाच्या सेनापतीने जानेवारी १८६५ मध्ये समुद्रकाठच्या काही भागात सुटलेल्या कुटुंबांस चाळीस एकरांपर्यंत तुकडे देण्याचा हुकूम काढला होता. पण त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन याने त्या जमिनी जुन्या मालकांस परत करविल्या. मग बेडी तुटलेला माणूस जाणार कोठे? तो जुन्याच मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने राहू लागला. जमीन मालकाची, खेचरे मालकाची, बी मालकाचे. घाम ह्याचा आणि ह्याच्या बायकापोरांचा. पीक निम्मे. मधल्या काळात पोटाला लागेल ते मालकाच्या दुकानातून खावटी म्हणून उचलायचे, त्यावर व्याज चढायचे, आणि सुगीनंतर हिशेबाला बसले की वही मालकाची आणि अक्षरही मालकाचे. वर्षभर राबून शेवटी देणेच निघायचे. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांस ह्यात नवे असे काही वाटणार नाही. सावकाराची वही इंग्रजीत असली तरी बेरीज तशीच होते.

आता आपण एका काउंटीत जाऊ. काउंटी म्हणजे आपल्याकडील मोठा तालुका समजा. मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर नावाची काउंटी आहे, सुमारे सातशे चौरस मैलांची. नाव सूर्यफुलाचे, पण तिची सारी कीर्ती कापसावर झाली. मिसिसिपी आणि याझू ह्या दोन नद्यांच्या गाळाची जमीन, आपल्या कृष्णाकाठासारखी. १९६० च्या शिरगणतीच्या वेळी तेथे तीन माणसांत दोन काळी होती. शेतात वाकलेली पाठ बहुधा काळी आणि सातबाऱ्यावरचे नाव बहुधा गोरे, असा तेथला हिशेब. (सातबारा हा शब्द तिकडे नाही, पण समजण्यासाठी आम्ही तो वापरतो.)

१९२९ साली जगभर मंदी आली. कापसाचा भाव रत्तलाला सोळा-सतरा सेंट होता, तो दोन-तीन वर्षांत सहा सेंटांच्या आसपास घसरला. रत्तल म्हणजे सुमारे अर्धा किलो, आणि शंभर सेंटांचा एक डॉलर. शेतकरी बुडू लागला. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने १२ मे १९३३ रोजी शेतकऱ्यास मदत देण्याचा मोठा कायदा केला. आज अमेरिकेत शेतकऱ्यांस जी सरकारी अनुदाने मिळतात, त्यांचे मूळ ह्या कायद्यात आहे. युक्ती अशी की, माल फार झाला म्हणून भाव पडतो, तर माल कमी पिकवा. जो जमीन पडीक ठेवील त्यास सरकार पैसे देईल. आणि हे पैसे गिरणीवाल्यांवर कर बसवून उभे करावयाचे. कायदा झाला तोवर कापूस पेरून झाला होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकला. त्याच साली साठ लाख डुकरांची पिल्ले मारली, भाव चढावा म्हणून. देशात माणसे उपाशी असता हे झाले. सांगतात की, तिकडची खेचरे जन्मभर पिकाच्या ओळीवर पाय न देण्याची शिकलेली. उभ्या कापसात नांगर धरून त्यांस घालू लागले तेव्हा ती अडून उभी राहिली. जनावराला जे कळले ते माणसाला कळले नाही, असे आम्ही म्हणत नाही. माणसापुढे पैशाची निकड होती. पण ऐकून क्षणभर थांबावेसे वाटते.

असो. मुद्दा पुढेच आहे. १९३४-३५ चा कापसाचा करार पाहा. सरकारने करार केला तो जमिनीच्या मालकाशी. मालकाने दहा एकरांपैकी साधारण चार एकर कापसाखालून काढावयाचे. त्या पडीक जमिनीचे भाडे रत्तलामागे साडेतीन सेंट. ते सगळे मालकाचे. शिवाय भावाची तूट भरून काढण्यासाठी एक सेंट. त्यात मालक आणि अर्धेलकरी निम्मे निम्मे. म्हणजे एकूण साडेचार सेंटांत मालकाला चार आणि राबणाऱ्याला अर्धा! तो अर्धा सेंटही मालकाच्या हातून यावयाचा, आणि मालकाच्या हातात खावटीची वही. किती जणांस तो अर्धा सेंट रोकडा दिसला असेल, ह्याचा अंदाज आपणच करावा.

आणखी एक गंमत झाली. चार एकर पडीक पडले म्हणजे तेवढे हात नकोसे झाले. सरकारच्या पैशाने मालकाने ट्रॅक्टर आणला, आणि अर्धेलकऱ्याला झोपडी मोकळी करावयास सांगितले. करारात एक कलम होते की, होता होईल तो मालकाने पूर्वीइतकीच कुळे ठेवावीत. ‘होता होईल तो’ हे शब्द ज्या कागदात असतात त्या कागदाचे काय होते हे आम्ही सांगावयास नको. शेतकी खात्यातील काही तरुण वकिलांनी त्या कलमाचा अर्थ लावला की, मालकाने नुसती संख्या नव्हे, तीच माणसे ठेवली पाहिजेत. त्याचे फळ असे मिळाले की, फेब्रुवारी १९३५ मध्ये त्या वकिलांसच नोकरीतून काढून टाकले. शेतकीमंत्री हेन्री वॉलेस हे गरिबांविषयी कळवळा असलेले म्हणून प्रसिद्ध होते; परंतु कायदे मंजूर करावयाचे तर दक्षिणेतील जमीनदार पुढाऱ्यांची मते लागत, म्हणून त्यांनीही मान डोलावली.

नदीच्या पलीकडे आर्कान्सा राज्यात मात्र लोक उठले. टायरोन्झा नावाच्या लहानशा गावी जुलै १९३४ मध्ये अकरा गोरे आणि सात काळे अशा अठरा जणांनी मिळून अर्धेलकऱ्यांचा संघ काढला. मालकांनी झोपड्यांतून काढले, मारहाण झाली, सभा उधळल्या. तो संघ फार वर्षे टिकला नाही. तरी त्या काळी त्या मुलखात काळ्या-गोऱ्यांनी एका खोलीत बसून एका वहीत नावे लिहावीत हे केवढे धाडस! आमच्याकडे कुणबी आणि महार एका पंगतीस बसण्याची गोष्ट काढली म्हणजे जे होत असे, ते आठवा म्हणजे कळेल.

पुढे १९३६ च्या जानेवारीत तेथील वरिष्ठ कोर्टाने तो कायदा रद्द केला. पण महिना-दोन महिन्यांत जमिनीची धूप थांबविण्याच्या नावाने दुसरा कायदा आला, १९३८ मध्ये तिसरा आला, आणि पैसा पूर्वीच्याच वाटेने वाहत राहिला.

आता त्या वाटेवरचे नाके कोणते ते पाहू. पैसा वॉशिंग्टनचा, पण कोणाची किती एकर जमीन कापसाला धरावयाची, कोणाचे उत्पन्न किती लिहावयाचे, हे ठरविणार काउंटीची शेतकरी समिती. ही समिती शेतकऱ्यांनी मते देऊन निवडावयाची. ऐकावयास किती गोड! बाहेरचा अंमलदार नको, आपल्या गावचे आपणच पाहू. पण जेथे काळ्या माणसाने मत द्यावयाचे नाही असा शिरस्ता, तेथे ‘आपण’ म्हणजे कोण? १९६५ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने चौकशी करून अहवाल दिला. त्यात दक्षिणेकडील राज्यांतल्या हजारो समिती सभासदांत काळे माणूस जवळजवळ नव्हतेच असे आढळले. त्याच सुमारास मिसिसिपीत चळवळीच्या तरुणांनी काळ्या शेतकऱ्यांस उभे केले. तेव्हा दुसऱ्या बाजूने युक्ती काढली की, मतपत्रिकेवर आपणहून पुष्कळ काळ्या शेतकऱ्यांची नावे घालावीत, म्हणजे त्यांची मते फुटून गोरा निवडून येईल. ही युक्ती कोठे पाहिल्यासारखी वाटते ना? आमच्या ग्रामपंचायतीस अमेरिकेत जाऊन शिकण्याची गरज पडली नाही.

सनफ्लॉवर काउंटीचे मुख्य ठाणे इंडियानोला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे बेकायदा आहे असा निकाल वरिष्ठ कोर्टाने मे १९५४ मध्ये दिला. लागलीच जुलैत ह्याच इंडियानोलात गोऱ्या प्रतिष्ठितांनी आपली पहिली ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापली. ही मंडळी वकील, पेढीवाले, जमीनदार अशी. काठी घेऊन ती सहसा निघत नसत. जो काळा माणूस हक्काची भाषा बोलेल त्याचे कर्ज बंद, दुकानातली उधारी बंद, काम बंद, बाहेर. बहिष्कार म्हणजे काय हे आम्हांस ठाऊक आहे, म्हणून अधिक सांगत नाही. परंतु एवढे ध्यानात ठेवा की, कर्ज मंजूर करणारे आणि सरकारी मदतीच्या समितीवर बसणारे हात ह्याच वर्गातले होते.

ह्याच काउंटीत दोन माणसे राहत होती. एक जेम्स ईस्टलंड. डॉड्सव्हिलजवळ ह्यांची पाच हजार एकरांहून मोठी जमीनदारी. हे वॉशिंग्टनला सिनेटचे सभासद, आणि १९५६ पासून १९७८ पर्यंत न्यायखात्याच्या कमिटीचे अध्यक्ष. काळ्यांच्या हक्काचा कायदा आला की ह्यांच्या टेबलाखाली तो निजलाच म्हणून समजावे. गरिबाला सरकारने पोसणे ह्यांस पसंत नसे. परंतु १९६७ साली ह्यांच्या जमिनीवर सरकारी शेती-अनुदान आले दीड लाख डॉलरांहून अधिक. त्याच राज्यात बाप नसलेल्या गरीब मुलास सरकारी मदत मिळे ती महिन्याला सुमारे नऊ डॉलर. न पेरलेल्या जमिनीला एवढे, आणि जन्मलेल्या लेकराला एवढे!

दुसरी व्यक्ती फॅनी लू हेमर. रूलव्हिल गावची, अर्धेलकऱ्याची विसावी लेक, जन्म १९१७. सहाव्या वर्षी कापूस वेचू लागली. तिच्या बापाने पोटाला चिमटा घेऊन एकदा स्वतःची खेचरे घेतली होती. स्वतःचा औत झाला म्हणजे निम्मे पीक द्यावे लागत नाही. त्या खेचरांच्या दाण्यात कोणी विष कालवले. खेचरे मेली, आणि घर पुन्हा होते तेथे आले. हेमरबाई पुढे अठरा वर्षे एका मळ्यावर राबल्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदारांच्या यादीत नाव घालण्यासाठी इतर सतरा जणांबरोबर इंडियानोलास गेल्या. मालकाने सांगितले, अर्ज परत घे नाहीतर चालती हो. त्या त्याच रात्री चालत्या झाल्या.

एका काउंटीत एकाला पडीक जमिनीचे लाखो, आणि दुसरीला मत मागितले म्हणून छप्पर नाही. दोघेही त्याच मातीतले, आणि सरकारी कागदावर दोघांसही ‘शेती करणारे’ असेच म्हणता येईल.

हेमरबाईंनी १९६९ साली चाळीस एकर घेऊन सहकारी शेती काढली. पुढे ती सहाशे एकरांवर गेली. पैसा सरकारचा नव्हता, देणगीदारांचा. पहिल्याने भाजीपाला, कारण त्यांचे म्हणणे, ज्याच्या घरी खाणे आहे त्याला मतासाठी कोणी उपाशी मारू शकत नाही. त्यांनी डुकरांची पेढी काढली. गरीब घराला एक गाभण मादी द्यावयाची. ती व्याली की दोन माद्या पेढीस परत, बाकीची त्या घराची. आपल्याकडे शेळी अर्धेलीने देतात तसाच प्रकार, पण येथे निम्मे नेणारा मालक कोणी नाही. शेकडो घरांस ह्यातून खाणे मिळाले. मग पूर, दुष्काळ, कर्ज, बाईंचे आजारपण. शेवटी कर थकला आणि जमीन गेली. १९७७ च्या मार्चमध्ये हेमरबाई वारल्या. ईस्टलंडांची जमीन मात्र कोणा पावसाने नेली नाही. तिला दरसाल सरकारचा टेकू होता. कोणती शेती तरते आणि कोणती बुडते, हे नुसत्या कष्टावर ठरत नाही, हे ह्यावरून पाहावे.

मोठ्यांनाच एवढे का, अशी ओरड तिकडेही झाली. १९७० च्या कायद्याने मर्यादा घातली की एका इसमास एका पिकापोटी पंचावन्न हजार डॉलरांपेक्षा अधिक द्यावयाचे नाहीत. झाले! जमीनदारांच्या घरी वाटण्या सुरू झाल्या. बायको वेगळी, मुलगा वेगळा, भागीदार वेगळा. शेत एकच, माणसे दहा. आमच्याकडे १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा किती जुनी एकत्र कुटुंबे कागदावर एका रात्रीत विभक्त झाली, हे सभेतील वडील मंडळींस विचारा. तिकडे २०१८ च्या कायद्याने तर चुलत-मावस भावंडे, पुतणे आणि भाचे ह्यांसही कुटुंबात धरले, म्हणजे शेताच्या कारभारात हात आहे असे दाखविणाऱ्या प्रत्येकाला वेगळा हक्क लागू शकतो. शेताचे तोंड न पाहिलेला भाचा शहरात बसून ‘कारभार’ पाहतो! आणि २०२५ च्या कायद्याने माणशी मर्यादा सव्वा लाखावरून एक लाख पंचावन्न हजार डॉलरांवर नेली. शिवाय पुष्कळ अनुदान आज काय पेरले त्यावर मिळत नाही, पूर्वी त्या जमिनीवर काय पेरले जाई त्या जुन्या नोंदीवर मिळते. नोंद जमिनीला चिकटलेली, म्हणून जमिनीचा खंड वाढतो, आणि खंडाने करणाऱ्याच्या हाती आलेले पुन्हा मालकाकडे जाते.

हे आम्हांस कळते कसे? तिकडे कोणास किती दिले ह्याची वही मागून पाहता येते. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाच्या बिनसरकारी संस्थेने त्या वह्या मिळवून काउंटी-काउंटीच्या याद्या नावांनिशी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९९५ ते २०२१ पर्यंत पिकांवर दिलेल्या अनुदानातील शेकडा ७८ भाग वरच्या दहा टक्के घेणाऱ्यांच्या घरी गेला. ही यादी बाहेर पडल्यावर गावोगाव काय झाले असेल ते मनात आणा. रविवारी देवळात शेजारी बसणाऱ्याला किती मिळाले हे प्रत्येकाला कळले.

काळ्या शेतकऱ्यांचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९२० साली त्यांची संख्या नऊ लाखांहून अधिक होती. १९९७ च्या शेतीगणतीत ती वीस हजारांच्याही खाली आली. कर्जाचा अर्ज केला तर पेरणी होऊन गेल्यावर मंजुरी यावयाची. तक्रार करावी तर ती ऐकणारी कचेरीच १९८३ साली मोडून टाकलेली. शेवटी १९९७ मध्ये टिमथी पिगफर्ड नावाच्या शेतकऱ्याने इतरांसह सरकारवर फिर्याद लावली. १९९९ मध्ये तडजोड झाली, आणि पंधरा हजारांवर लोकांस बहुतेक प्रत्येकी पन्नास हजार डॉलर मिळाले. उशिरा आलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलरांची तरतूद झाली. २०२१ मध्ये कर्जमाफीचा कायदा झाला, तो गोऱ्या शेतकऱ्यांनी कोर्टात अडविला; म्हणून दुसरा कायदा करून जुलै २०२४ मध्ये, ज्यांच्यावर कर्ज देताना अन्याय झाला अशा ४३ हजार लोकांस, मग ते कोणत्याही रंगाचे असोत, सुमारे दोनशे कोटी डॉलर वाटले. पैसा आला, पण गेलेली जमीन आली नाही. बाप मेला, जमीन लिलावात गेली, आणि मग मुलाच्या नावाने चेक.

आता आपल्या वेशीत येऊ. कोणी उठू नये.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ पासून शेतकरी कुटुंबास वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत देणे सुरू केले, आणि २०२३ पासून महाराष्ट्र सरकारने तेवढीच भर घातली. अतिवृष्टी झाली, गारपीट झाली तर पंचनामे होऊन मदत येते. ईस्टलंडांसारखा दीड लाख डॉलर खाणारा येथे कोणी नाही, हे खरे. पण सरकार शेतकरी ओळखते कशावरून? सातबाऱ्यावरून. ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो शेतकरी. अर्धेलीने, खंडाने, तोंडी बोलीवर जे कुटुंब प्रत्यक्ष पेरते, निंदते, कापते, ते सरकारच्या हिशेबी शेतकरी नाही. ज्या बाईच्या हाताला वर्षभर माती लागते तिचे नावही बहुधा कोठे नाही. आणि पीक बुडाले म्हणजे सुताराचे, लोहाराचे, चांभाराचेही बुडते. कारण ज्याच्या घरी दाणा नाही तो नांगराचा फाळ शेवटावयास आणीत नाही. ऐरणीचा पंचनामा कोणी करीत नाही.

पूर्वी आम्ही म्हणत असू, आणि खरेच होते, की भटजी, शेटजी आणि कुळकर्णी शेतकऱ्यास नाडतात. कुळकर्ण्याचे वतन गेले. आता पंचनाम्याच्या दिवशी तलाठ्याच्या मागून शिवारात कोण फिरते? आपलाच पाटील, आपलाच सरपंच, आपलाच सोसायटीचा चेअरमन. ह्या सर्वांस आम्ही वाईट म्हणत नाही. पण सनफ्लॉवर काउंटीची समितीही गावच्याच माणसांची होती.

आमचीच गोष्ट सांगतो. आमची सहा एकर जमीन आहे. आम्ही पोटाच्या धंद्यासाठी तालुक्याला राहतो. जमीन गेली नऊ वर्षे एक घर अर्धेलीने करते. बी निम्मे, खत निम्मे, पीक निम्मे, कागद काही नाही. एका साली सोयाबीन काढणीला आले आणि आठ दिवस पाऊस लागला. शेंगांना शेतातच कोंब फुटले. त्या नवरा-बायकोने गुडघाभर चिखलातून जेवढे निघाले तेवढे ओढून काढले. पंचनामा झाला, पुढे मदत आली, ती आमच्या खात्यात. आम्ही त्या घरी निरोप पाठविला नाही. रब्बीच्या तोंडावर त्या घरची बाई आमच्याकडे बियाण्याला आली. बोलता बोलता म्हणाली, “सरकारचं काही आलं का हो, दादा?” आम्ही म्हणालो, “बघतो चौकशी करून.” पैसे येऊन महिना झाला होता. आम्ही सभांतून समतेवर बोलतो, आणि हे आमच्या तोंडून निघाले. पुढे चार महिन्यांनी आम्ही त्यांचा निम्मा भाग दिला. पण तोवर त्यांनी बियाण्यासाठी शेकडा पाचाने पैसे काढले होते, आणि ते व्याज काही आम्ही दिले नव्हते. ह्या सभेला येण्यापूर्वी ते दिले. फार उशीर झाला, हे कबूल.

कोणी म्हणेल, अर्धेलकऱ्याचे नाव कागदावर आले तर कुळकायद्याने जमीन जाईल. १९४८ च्या कायद्याचे हे भय अजून आपल्या घरांतून गेले नाही, आणि म्हणूनच सारे व्यवहार तोंडी चालतात. ते भय एका दिवसात जाईल असे आम्हांस वाटत नाही. मालकी मालकाची राहून पीक कोणाचे एवढीच नोंद व्हावी आणि मदत पिकामागे जावी, अशी वाट सरकारने काढावी. तशी मागणी ह्या सभेने करावी. पण सरकारची वाट निघेपर्यंत आपल्या हातात काय आहे? पाडव्याला अर्धेलीची बोली ठरते. त्या वेळी चार माणसांदेखत एक वाक्य अधिक बोलावे: पीक निम्मे, खर्च निम्मा, तशी सरकारची मदत आली तर तीही निम्मी. ह्याला स्टॅम्प लागत नाही. अमेरिकेत अर्धा सेंट देण्याचे वाक्य सरकारी कागदात होते, पण चार माणसांदेखत नव्हते, आणि हिशेबाची वही एकट्या मालकाकडे होती.

दुसरे, मदतीची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. कोणाचे किती क्षेत्र लिहिले, किती रक्कम आली, सर्व. ज्याने दोन एकरांचे चार लिहविले असतील त्याने ऐकावे, आणि ज्याचे चारांचे दोन झाले असतील त्याने उभे राहावे. आमच्या सुतार-लोहार बंधूंनीही त्या दिवशी कामधंदा बंद ठेवून यावे; त्यांचे नाव यादीत नाही म्हणून यादीशी त्यांचा संबंध नाही असे नाही. मायबहिणींनी तर यावेच. पैसा घरात आला की नाही हे पुष्कळ घरांत त्यांस तेथेच प्रथम कळेल.

मागील अतिवृष्टीची आपल्या गावची यादी आम्ही अर्ज करून आणली आहे. ती येथे अध्यक्षांपुढे ठेवतो. वाचावयास बहुधा अर्धा तास लागेल. सतराव्या ओळीत आमचे नाव आहे. वाचणाऱ्याने भिडेखातर ते गाळू नये.